पारावरचे ‘अलॉट’

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी शाळेच्या अंगणात मुले एक खेळ खेळत. एक जण निंबाच्या पारावर उभा राहून बोट रोखी आणि ओरडे, “अलाट!” ज्याच्यावर बोट जाई तो पाण्याच्या टाकीकडे पळे आणि तिथून ओरडे, “आप्शन! आप्शन!” मग बाकीच्यांतून कोणीतरी धावत जाऊन त्याचा हात धरी आणि त्याला परत आणी. मी एका मुलाला थांबवून विचारले, “आप्शन म्हणजे काय रे?”

तो धापा टाकत म्हणाला, “हाथ पकडायचं, बाई. तुम्हाला नक्को समजायला. हा बच्च्यांचा खेळ है.”

मी मान हलवली. त्या खेळाचा अर्धा भाग मीच केला होता. पण सुट्टी संपायला थोडाच वेळ उरला होता आणि त्याला टाकीकडे जायचे होते. म्हणून ते इथे लिहिते.

हैदराबाद राज्याची वाटणी झाली त्या वर्षांतली ही हकीकत. मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि हैदराबाद शहर तेलंगणासह आंध्रात राहिले. जिल्ह्यांची वाटणी नकाशावर झाली. माणसांची व्हायला वेळ लागला. सरकारी नोकराला तीनपैकी एका राज्याकडे नेमून देत. त्याला ‘अलॉट होणे’ म्हणत. तत्पूर्वी त्याची पसंती विचारत, ते ‘ऑप्शन’. सुलतान बाजारात भाजी घेताना बायका एकमेकींना तब्येत विचारण्याआधी हे विचारीत, “तुमच्यांनी ऑप्शन कुठलं दिलं?”

मी तोवर एका मराठी साप्ताहिकात प्रुफे वाचीत असे आणि स्थानिक बातम्या लिहीत असे. वाचक औरंगाबादेला आणि मुंबईला अलॉट झाले, तसे साप्ताहिक बंद पडले. सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीच्या बाई अलॉट होऊन गेल्या होत्या. ती जागा मला मिळाली. शिकवण्याचा अनुभव नव्हता. साप्ताहिकाच्या संपादकांनी लावलेली एक सवय तेवढी होती: आधी काय घडले ते लिहा, विशेषणे खोडा, आणि एकाच माणसाचे ऐकून बातमी देऊ नका.

वर्गात ती सवय अपेक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडली.

मुलांनी मुलांना छळणे, या विषयाला आता इंग्रजी नाव आहे, समित्या आहेत, भिंतीवर लावायचे फलक आहेत. तेव्हा ‘खोड्या’ एवढा एकच शब्द होता आणि तो लाडाचा होता. मुले खोड्या करायचीच, असे पालक म्हणत आणि शिक्षकही म्हणत. शाळेबाहेरच्या माणसांसाठी थोडे सांगते. मारामारी शिक्षकाला फारशी काळजीत पाडत नाही. तिला आवाज असतो, साक्षीदार असतात आणि ती लवकर संपते. काळजीची गोष्ट मुकाट असते. एखादे मूल पाणी प्यायला सगळ्यांच्या नंतर जाते, एखादे सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी रेंगाळते, एखाद्याची पेन्सिल रोज हरवते. शिक्षकाने मधल्या सुट्टीत चहा प्यावा, पण तोंड अंगणाकडे करून.

चिडवणे आणि छळणे यांत फरक करावा लागतो, हे मला एका मुलाने शिकवले. प्रभाकर नावाचा गोलमटोल मुलगा होता. त्याला सगळे ‘भज्या’ म्हणत. मी रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात वर्गाला ताकीद दिली, की प्रभाकरला प्रभाकर म्हणायचे. दोन दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला.

“बाई, ते परत भज्या म्हणू द्या ना.”

“का रे?”

“आता मला कोणी हाकच मारीना. प्रभाकर कोण ते त्यांना आठवत नाही.”

मी ताकीद मागे घेतली. ज्याला नाव ठेवले आहे तो त्या नावाला ओ देताना हसतो की नाही, एवढे पाहायचे. बाकीचे पुस्तकी आहे.

आमचे हेडमास्तर सेलूकर गुरुजी. मूळचे परभणीकडचे, पांढरे धोतर, करडा आवाज, मन मऊ. तक्रार आली की ते दोघांना समोर उभे करीत आणि म्हणत, “तू माफी माग. तू माफ कर. हात मिळवा. प्रकरण मिटलं.” प्रकरण गुरुजींच्या खोलीत मिटे आणि फाटकाबाहेर पुन्हा सुरू होई, कारण आता त्यात चहाडीचा राग मिसळलेला असे. ज्याने मार खाल्ला त्यालाच सगळ्यांदेखत मोठेपणा दाखवायला लावणे ही दुसरी शिक्षा असते. गुरुजींना ते पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र त्यांनी तो समारंभ बंद केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

‘अलॉट’चा खेळ पावसाळ्यानंतर सुरू झाला. तो काढला अनंत नावाच्या मुलाने. त्याचे वडील सचिवालयात होते, घर हिमायतनगरात, मुलगा रिक्षाने शाळेत येई. हुशार, बोलका, अक्षर मोत्यासारखे. तो पारावर उभा राहून एकेकाकडे बोट करी. “तू राह. तू म्हैसूर. तू बॉम्बे.” ज्याला ‘राह’ म्हटले तो खेळात. ज्याला बाहेरचे राज्य मिळाले त्याने टाकीमागे जाऊन उभे राहायचे, आणि घंटा होईपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचे नाही. कारण तो आता इथला नाही.

सुरुवातीला सगळ्यांचीच पाळी येई आणि टाकीमागे हशा पिकलेला असे. मी चहा पीत पाहत होते. मला त्यात काही वावगे दिसले नाही. पुढे वर्गातल्या दोन मुलांचे वडील खरेच मुंबईला अलॉट झाले, आणि त्या दोघांना अनंतने आधीच पारावरून मुंबईला धाडले होते. हा योगायोग होता. पण मुलांना वाटले, याच्या घरी खरी बातमी येते. त्या दिवसापासून अनंतचे बोट हे बोट राहिले नाही, तो सरकारी हुकूम झाला.

आणि तो हुकूम रोज एकाच मुलीवर निघू लागला.

तिचे नाव कौसल्या. सगळे कौसा म्हणत. वडील मारोतराव नांदेडकडच्या शेतकरी घरातले, बेगम बाजारात मिरचीच्या आडतीत वजनकाट्यावर कामाला. कौसाच्या कपड्यांना मिरचीचा वास येई आणि शेजारी बसणाऱ्याला शिंका येत. खेळाच्या दृष्टीने एवढे कारण पुरले. “कौसा, बॉम्बे,” असे अनंत म्हणे, भज्या खोटी शिंक देई आणि सगळे हसत. कौसा स्वतःच टाकीमागे जाऊ लागली. पुढे पुढे कोणी बोट दाखवायच्या आधीच.

मला ते कळले सागरगोट्यांवरून. एका सुट्टीत पाच मुलींच्या हातांत एकेक सागरगोटा होता. एकेकटा सागरगोटा कुणाच्याच कामाचा नसतो. मी विचारले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “कौसानं वाटून टाकले, बाई. ती जाणार आहे ना.” त्यानंतर कौसा शाळेत आली नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा.

मी सवयीप्रमाणे मुलांना एकेकटे बोलावले आणि प्रत्येकाला एकच विचारले, “काय काय झालं ते सांग.” कोणी सुरू केले हे विचारले नाही, तो प्रश्न विचारला की प्रत्येक मूल वकील होते. चार जणांनी सांगितलेले जुळले. अनंतने कौसाला सांगितले होते, की अलॉट झालेल्याचे नाव पटावरून कापतात, आणि तिचे कापले आहे.

संध्याकाळी मी बेगम बाजारात गेले. आडत मिरचीच्या पोत्यांनी कमानीपर्यंत भरलेली होती. मारोतराव काट्याजवळ उभे होते आणि कौसा आत पोत्याला टेकून बसली होती. मी काय घडले ते सांगितले. मारोतराव आधी हसले.

“मला कोण अलॉट करतंय बाई? मी काय सरकारी हाय? फार तर ही पोती अलॉट होतील.” मग त्यांचे हसू ओसरले. “लेकरू खाईना झालंय, बोलंना झालंय. आम्ही म्हणलो ताप आसल. कशाला शाळेची कटकट? घरात बाळंतीण हाय, तिच्या हाताखाली कोणी पायजेच. चार बुकं शिकली, बास झालं.”

हे ते रागाने म्हणत नव्हते, म्हणून ते अधिक धोक्याचे होते. रागाचा निर्णय बदलतो, सोयीचा टिकतो.

कौसा माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझं नाव कापलं ना, बाई?”

मी तिला समजावत बसले नाही. वर्गात हजेरी घेते त्याच आवाजात, त्याच वेगात नावे म्हणायला लागले. काट्यावरचा हमाल थांबून ऐकू लागला. तिच्या आधीची नावे झाली आणि मी म्हटले, “कौसल्या मारोतराव.”

“हजर,” ती म्हणाली. सवयीने. मग तिने तोंडावर हात ठेवला. हमाल हसला, आडतीचे मालक गादीवरून म्हणाले, “हौ भई, हाजिर है छोकरी,” आणि मला सलग चार शिंका आल्या, त्यावर तीही हसली.

मारोतरावांनी तोड काढली. “संक्रांतीपस्तोर धाडतो, बाई. तवा येऊन बघतो. तवर जर लेकरू टाकीमागंच बसत आसल, तर माझ्या घरी बसलेलं काय वाईट?”

मी ती मुदत मान्य केली.

गुरुजींनी खेळावर बंदी घालावी, असे ठरत होते. मी नको म्हटले. बंदी घातलेला खेळ अंगणातून गल्लीत जातो, आणि गल्लीत चहा पिणारी शिक्षिका नसते. दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी पारापाशी गेले. अनंत वर उभा होता.

“अनंता, तुझा खेळ अर्धाच आहे. सरकारात ऑप्शन पण असतं.”

त्याने विचार केला. “ऑप्शन मोठ्या माणसांना असतं, बाई.”

“अलॉट पण मोठ्यांनाच असतं.”

मुलांना उपदेश आवडत नाही. नियम आवडतो, आणि नियमातली खोच त्याहून आवडते. मी नियम सांगितला: ज्याला अलॉट केले त्याने टाकीपाशी जाऊन ‘ऑप्शन’ ओरडायचे. कोणीही जाऊन त्याचा हात धरला, की अलॉट रद्द. लगेच वाद सुरू झाला. दोघांनी हात धरला तर? एकाच वेळी तीन अलॉट झाले तर? हात ओला असला तर? घंटा झाली तरी मिटला नाही. मला बरे वाटले. ज्या नियमावर भांडण होते तो मुलांनी घेतलेला असतो.

गुरुजी खिडकीतून ऐकत होते. म्हणाले, “बाई, आज ऑप्शन दिलंत. उद्या पेन्शन मागतील.”

नियम करणे सोपे होते. पहिल्यांदा हात धरायला कोण जाणार, हा खरा प्रश्न होता. या कामातले मला कळलेले एक तंत्र सांगते: पुढाऱ्याच्या मागे लागू नये, त्याच्या हसणाऱ्यांकडे जावे. पारावरच्या मुलाला हुकूम द्यायला दुसरे कोणी लागत नाही, पण तो चालायला हशा लागतो. आणि आमच्या वर्गात हशा भज्याच्या शिंकेने सुरू होई. मी त्याला एकट्याला गाठले.

“प्रभाकर, तुला कोणी हाक मारीना तेव्हा कसं वाटलं होतं?”

“बेक्कार.”

“उद्या कौसा ओरडली तर जाशील?”

“ती ओरडत नाही, बाई. तिला आवाजच नाही.”

“ओरडली तर?”

“मग अंत्या मला अलॉट करील.”

“मग तू ओरड. तुझा आवाज चारमिनारपर्यंत जातो.”

त्याला ते पटले. कौसा मात्र ओरडेना. परत आल्यावर पहिले काही दिवस ती टाकीशी जाऊन ओठ हलवी, आवाज फुटत नसे. मग एका दुपारी टाकीमागून अगदी बारीक ‘ऑप्शन’ आले. अंगण थांबले. भज्या वाटच बघत होता. तो धावला, मध्ये आपटला, गुडघा फोडून घेतला आणि लंगडत जाऊन त्याने तिचा हात धरला. तिच्याजवळ गेल्यावर त्याला शिंक आली. ही खरी होती. या वेळी कौसाच आधी हसली.

त्यानंतरचे सगळे सरळ झाले असे नाही. अनंत काही दिवस खेळलाच नाही. पारावर बसून वाचत असल्याचे दाखवी. एकदा कौसाची पाटी फुटली आणि ती कोणी फोडली ते कळले नाही. पण एकेक सागरगोटा परत आला. शेवटचा एका मुलीच्या धाकट्या भावाने चिंचांच्या बदल्यात देऊन टाकला होता. तो परत मिळवायला मुलींनी जी बोलणी केली ती सचिवालयातल्यांनी ऐकण्यासारखी होती.

त्याच दिवसांत मी अनंतच्या वडिलांना भेटायला हिमायतनगरला गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, मी अजून घरात सांगितलेलं नाही. माझं ऑप्शन हैदराबादचं होतं. ते मानलं नाही. मला मुंबई मिळाली आहे.” आतल्या दाराचा पडदा हलला. ही बातमी त्यांना किती दिवसांपूर्वी कळली होती ते मी विचारले. तो काळ आणि पारावरचा खेळ सुरू झाल्याचा काळ जवळजवळ एकच निघाला. मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. त्यापुढे लिहिण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अनंतचा शाळेतला शेवटचा दिवस होता. बातमी वर्गात आधीच पोहोचली होती, आणि मुले त्या सुट्टीची वाट पाहत होती. या धंद्यातला हा सर्वांत अवघड प्रसंग असतो, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: ज्याने छळले त्याची पाळी येते, आणि अंगणातल्या सगळ्यांना न्याय झाल्यासारखे वाटते. मी चहा ठेवून बाहेर आले. त्याच वेळी फाटकातून मारोतराव आत आले. मुदत संपली होती.

पारावर आज कोणीच चढले नव्हते. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदमच बोटे रोखली. “अंत्या, बॉम्बे! अलॉट!”

अनंत दप्तर पाठीला लावून टाकीपाशी गेला. कोणी ढकलले नाही, तो आपणच गेला. तिथे पाठ करून उभा राहिला. ‘ऑप्शन’ म्हणाला नाही. या खेळात तो नेहमी पारावर असे. त्याला ते कधी म्हणावेच लागले नव्हते.

मी पाऊल उचलले होते. तेवढ्यात कौसा गर्दीतून निघाली आणि टाकीकडे चालू लागली.

“ए कौसा, कायकू?” कोणीतरी ओरडले. “तो ऑप्शन बोललाच नाही.”

“मी बोलते त्याच्याकडून. ऑप्शन.”

“असं नसतं. ज्याचं त्यानंच बोलायचं. नियम आहे.”

“नियमात कुठं आहे? बाई म्हणाल्या, कोणीही हात धरायचा. कोणी बोलायचं ते नाही म्हणाल्या.” ती वळून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “विचारा बाईंना.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “नियम तुमचा आहे, तुम्ही ठरवा.”

“पण तो खरंच अलॉट झालाय,” भज्या म्हणाला. त्याला खरोखर शंका होती. “हात धरून काय रद्द होणार?”

“उद्या जाणार ना?” कौसा म्हणाली. “आज तर हाय ना इथं? मग आजचं रद्द.”

ती टाकीपाशी गेली. मुलाचा हात धरणे तिला अवघड वाटले असावे. तिने त्याच्या दप्तराचा पट्टा धरला आणि त्याला पारापर्यंत ओढत आणले. अनंत मान खाली घालून आला. त्याच्या नाकाला मिरचीचा वास गेला आणि तो मोठ्याने शिंकला. अंगणात जो हशा उठला त्यात, माझ्या माहितीप्रमाणे, तोही होता. घंटा होईपर्यंत ती सगळी मुले खेळत होती आणि कौसा प्रत्येक डावात कुणाशी तरी नियमावरून भांडत होती. तिचा आवाज फाटकापर्यंत स्वच्छ येत होता.

मारोतराव तिथेच उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारले, “मग, काय ठरवलंत?”

त्यांनी पटका काढून पुन्हा बांधला. लेक कोणाला तरी सांगत होती, की पारावरून उतरलेल्याला पुन्हा रांगेत शेवटीच उभे राहावे लागते.

“राहू द्या बाई तिला इथंच,” ते म्हणाले. “हिला घरात बसवली तर आम्हालाच अलॉट करील.”